ज्यूरीसमोरचा पहिला खटला: तयारी शेवटच्या कागदापासून

भारतात एलएलबी, इथे अमेरिकेत एलएलएम आणि मग कॅलिफोर्नियाची बार परीक्षा (वकिलीच्या परवान्याची), असा प्रवास करून आलेले तरुण मराठी वकील पहिल्या ज्यूरी ट्रायलआधी, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचमंडळापुढच्या खटल्याआधी, हमखास विचारतात, "ज्यूरीसमोर बोलायचं कसं?" आपल्याकडे ज्यूरी म्हटलं की नानावटी खटला आठवतो. 1959 साली मुंबईच्या सेशन्स कोर्टात ज्यूरीने 8 विरुद्ध 1 मतांनी नौदल अधिकारी नानावटींना खुनाच्या आरोपातून निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे शिक्षा झाली आणि पुढे काही वर्षांत ज्यूरीच भारतातून गेली. तेव्हापासून आपल्या डोक्यात बसलंय की ज्यूरी म्हणजे भावनेला भुलणारी मंडळी आणि त्यांच्यापुढचा वकील म्हणजे नट. हा समज घेऊन इथे उभे राहिलात, तर समोरच्या बारा जणांना तो नट पहिल्या तासातच दिसेल.

ज्यूरीशी नातं जुळतं ते तयारीतून. तयारी म्हणजे काय ते एका कल्पित खटल्यावर दाखवतो. कॅलिफोर्नियाचं राज्य न्यायालय, दिवाणी दावा. कुसुमताई, वय 64, नागपूरहून मुलीकडे सनीव्हेलला आल्या. मोठ्या सुपरमार्केटमध्ये दुधाच्या फ्रिजसमोर सांडलेल्या दुधावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दुकान म्हणतं, दूध कुणी सांडलं, केव्हा सांडलं, आम्हाला माहीत नाही. तुम्ही कुसुमताईंचे वकील.

निकालपत्र आधी वाचा

खटल्याच्या शेवटी ज्यूरीच्या हातात एक प्रश्नावली पडते. कॅलिफोर्नियात दिवाणी खटल्यांसाठी न्यायालयीन परिषदेने मंजूर केलेल्या ज्यूरी सूचना आहेत, त्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून CACI म्हणतात, आणि त्यांच्यासोबत निकालपत्राचे नमुनेही येतात. आपल्या खटल्यात प्रश्न साधारण असे असतील: जागा प्रतिवादीच्या ताब्यात होती का? जागेची देखभाल करण्यात त्यांनी हलगर्जी केली का? त्या हलगर्जीचा इजेत भरीव वाटा होता का? नुकसान किती? कुसुमताईंचीही चूक होती का, आणि असेल तर किती टक्के?

अशील पहिल्यांदा ऑफिसात येऊन गेले, की त्याच आठवड्यात हा कागद छापून भिंतीला लावा. बहुतेक नवे वकील तो ट्रायलच्या आदल्या आठवड्यात उघडतात, आणि वर्षभर गोळा केलेल्या निम्म्या पुराव्याचा एकाही प्रश्नाशी संबंध नाही हे तेव्हा त्यांच्या लक्षात येतं. प्रत्येक प्रश्नासमोर चार रकाने आखा: हे सिद्ध करणारा साक्षीदार कोण, कागद कोणता, समोरचा काय म्हणेल, त्यावर आपलं उत्तर काय. रिकामा राहिलेला रकाना म्हणजे तुमचं पुढच्या महिन्याचं काम.

आपल्या खटल्यात खरी अडचण दुसऱ्या प्रश्नाची आहे. दुकानदार प्रत्येक घसरणाऱ्याला जबाबदार नसतो. धोका त्याला माहीत होता, किंवा नीट लक्ष ठेवलं असतं तर माहीत झाला असता, एवढा वेळ तो तिथे होता, हे वादीने दाखवायचं असतं. दूध केव्हा सांडलं हे कुणालाच ठाऊक नसेल तर? याचं उत्तर कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टाने 2001 साली ‘ऑर्टेगा विरुद्ध केमार्ट’ खटल्यात दिलं, आणि योगायोगाने तिथेही दूधच सांडलं होतं. दुकानाने वाजवी वेळेत पाहणी केली नव्हती असं दिसलं, तर धोका पुरेसा वेळ तिथे होता असा निष्कर्ष ज्यूरी काढू शकते. पुराव्याचा भार वादीवरच राहतो, पण खटल्याचा प्रश्न बदलतो. ‘दूध कधी सांडलं?’ याऐवजी विचारायचं, ‘इथे शेवटचं कुणी कधी बघितलं?’ आता सगळा तपास या एका वाक्याभोवती फिरवा.

कॅमेरा, झाडण्याची नोंद आणि पंचिंग

पहिल्याच दिवशी दुकानाला पत्र पाठवा: त्या दिवसाचं सीसीटीव्ही चित्रीकरण, साफसफाईच्या नोंदी, कामाचे तक्ते जपून ठेवा. चित्रीकरणावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत नवं चित्रीकरण चढतं. दावा दाखल करायला कायद्याने दोन वर्षं दिली असली तरी कॅमेरा तेवढा थांबत नाही. मग स्वतः दुकानात जा. तो फ्रिज, तिथला उजेड, फरशीचा रंग बघा. पांढऱ्या फरशीवर पांढरं दूध दिसतं का, हे फोटोवरून कळत नाही.

कागद मागवले की साफसफाईची नोंद हातात येईल: एका तक्त्यावर दर तासाची वेळ आणि त्यापुढे कामगाराची आद्याक्षरं. ती वाचायची कशी ते बघा. 9:00, 10:00, 11:00, 12:00, 1:00, सगळ्या वेळा काट्यावर काटा. शाई एकच, अक्षरांचा तिरकेपणाही एकच. एकच्या रकान्यात ‘आर. एम.’ आता दुसऱ्या गठ्ठ्यातून त्याच दिवसाचं हजेरीचं पंचिंग काढा. आर. एम. 12:45 ला जेवायला बाहेर, 1:15 ला परत. कुसुमताई पडल्या 1:25 ला. कॅमेऱ्यात 12:10 नंतर त्या गल्लीत झाडू घेऊन कुणी फिरकलेलं नाही.

हे तीन कागद शेजारी ठेवले की खटल्याचा कणा उभा राहिला. पण डिपॉझिशनमध्ये (ट्रायलआधी शपथेवर होणाऱ्या जबाबात) आर. एम.ला यावरून कोंडीत पकडू नका. "नोंद तुम्ही स्वतः करता ना? झाडल्यावर लगेच करता ना? जेवायच्या सुट्टीत काम करत नाही ना?" एवढंच शपथेवर वदवून घ्या आणि पुढच्या विषयावर जा. विसंगती तिथेच उघड केलीत, तर ट्रायलपर्यंत तिचं स्पष्टीकरण तयार झालेलं असेल.

आपली दुखरी बाजू

कुसुमताई पडल्या तेव्हा फोनवर मुलीशी बोलत होत्या. पायात गुळगुळीत झालेली चप्पल होती. दोन वर्षांपूर्वी नागपुरात गुडघ्यासाठी डॉक्टरकडे गेल्या होत्या. हे सगळं समोरच्या वकिलाला मिळणारच आहे.

कॅलिफोर्नियात 1975 च्या ‘ली विरुद्ध यलो कॅब’ निकालापासून वादीची चूक असली तर दावा बुडत नाही, भरपाई त्या प्रमाणात कमी होते. ज्यूरीने कुसुमताईंवर 20 टक्के चूक टाकली, तर उरलेले 80 टक्के मिळतात. त्यामुळे दुखरी बाजू लपवण्याची गरजच नाही. फोनची गोष्ट ज्यूरीने पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकावी. तीच समोरच्याकडून ऐकली, तर पुढे तुमच्या झाडण्याच्या नोंदीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. कुसुमताईंच्या चुकीची टक्केवारीही तुम्हीच सुचवा. ‘शून्य’ म्हणणाऱ्या वकिलाकडे ज्यूरी साशंक नजरेने बघते, आणि मला वाटतं ते बरोबरच आहे.

जे ज्यूरीसमोर यायलाच नको, त्यासाठी ट्रायलआधी अर्ज करा. प्रतिवादीचा विमा आहे हे हलगर्जी सिद्ध करायला सांगता येत नाही. अपघातानंतर दुकानाने तिथे रबरी चटई टाकली, हेही त्या कामासाठी चालत नाही. हे नियम आपल्या अशिलालाच आधी समजावा, कारण साक्षीत "आता तर त्यांनी चटई पण टाकलीय" असं सहज बोलून जाणारा माणूस आपलाच असतो.

कुसुमताईंची तयारी

मराठी अशिलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. साक्ष दुभाष्यामार्फत होणार. कोर्टाचा दुभाष्या अधिकृत आणि तटस्थ असतो, मुलगी शेजारी बसून "आईला म्हणायचंय की..." असं सुरू करू शकत नाही. डिपॉझिशनआधी घरी सराव घ्या आणि मुलीला खोलीबाहेर बसवा. कुसुमताईंना सांगा: प्रश्न मराठीत पूर्ण ऐकायचा, थांबायचं, तेवढंच उत्तर द्यायचं. इंग्रजी थोडंफार कळत असलं तरी मराठी प्रश्न येण्याआधी मान हलवायची नाही. आपण समोरचा बोलत असताना "हो, हो" करतो ते केवळ ऐकतोय हे दाखवायला. लेखी नोंदीत मात्र ते होकारार्थी उत्तर म्हणून उतरतं.

मोठी अडचण वेगळीच आहे. आपल्या पिढ्यांनी दुखणं सांगायचं नाही हे शिकवलंय. डॉक्टरने विचारलं, "कसं वाटतंय?" कुसुमताई म्हणाल्या, "बरं आहे." वैद्यकीय कागदावर लिहिलं गेलं, रुग्णाची प्रगती उत्तम. सराव करताना तुम्ही विचारता, "अजून दुखतं का?" आणि त्या म्हणतात, "अहो वकीलसाहेब, वयच झालं आता, चालायचंच." समोरच्या वकिलाला याहून जास्त काही नकोय.

उत्तर शिकवू नका. ते अनैतिक आहे, आणि दिसतंही. प्रश्न बदला. ‘दुखतं का?’ विचारण्याऐवजी त्यांचा दिवस विचारा. पहाटे उठून काय करायचात? देवपूजा कुठे बसून? खाली, मांडी घालून. किती वर्षं? लग्न झाल्यापासून. आता? "आता खुर्चीवर बसून करते. देव वर टेबलावर ठेवलेत जावयांनी." हे सांगताना त्यांचा आवाज आपोआप बदलतो, तुम्हाला काही करावं लागत नाही. ज्यूरीतल्या ज्यांना देवपूजा म्हणजे काय माहीत नाही, त्यांनाही खुर्ची आणि फरशीमधलं अंतर कळतं. बाकीचं मुलीकडून, शेजारणीकडून, फिजिओथेरपिस्टकडून येऊ द्या. स्वतःच्या वेदनेची सर्वात दुबळी साक्षीदार बहुतेकदा जखमी व्यक्तीच असते.

बाहेरच्या माणसांना ऐकवा

ट्रायलच्या दोनेक महिने आधी वकिली न करणाऱ्या आठ-दहा अनोळखी लोकांना एका संध्याकाळी बोलवा, त्यांचा मोबदला द्या, गुप्ततेची सही घ्या. दोन्ही बाजू मांडा, आणि समोरची बाजू अधिक जोरात मांडा. तुम्ही कुणाचे वकील हे सांगू नका. नंतर गप्प बसून ऐका. त्यांच्या मताकडे फार लक्ष देऊ नका, त्यांचे प्रश्न टिपा. "त्यांच्या चपलेचा फोटो आहे का?" असं तिघांनी विचारलं, तर तो फोटो प्रारंभीच्या निवेदनात दाखवा. पैसे नसतील तर जिममधल्या ओळखीच्यांना, मुलांच्या शाळेतल्या पालकांना नावगाव न सांगता गोष्ट ऐकवा. नवरा, बायको आणि ऑफिसमधले सहकारी मात्र यातून वगळा.

ज्यूरी निवडताना

याला निवड म्हणतात, पण तुम्ही निवडत नाही, काही जणांना वगळता फक्त. कॅलिफोर्नियात न्यायाधीशांचे प्रश्न झाले की दिवाणी खटल्यात वकिलाला स्वतः प्रश्न विचारायचा हक्क आहे. मागणी केली तर त्याआधी छोटं निवेदनही करता येतं. ते नक्की मागा. फेडरल (केंद्रीय) कोर्टात बरेच न्यायाधीश सगळे प्रश्न स्वतःच विचारतात, तिथे तुमचे प्रश्न आधी लेखी द्यावे लागतात.

नवे वकील इथे भाषण करतात: "तुम्ही निःपक्षपाती राहाल ना?" सगळे हो म्हणतात, हाती काही येत नाही. त्यापेक्षा म्हणा, "काही लोकांना वाटतं की दुकानात पडून दावा करणारे बहुतेक पैशासाठी करतात. काहींना वाटतं, दुकानं फार निष्काळजी असतात. तुम्ही थोडे कुठल्या बाजूला?" मग गप्प राहा. एखादे गृहस्थ म्हणतील, "खरं सांगू? मला हे दावे आवडत नाहीत." त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांचे आभार माना, "अजून सांगा" म्हणा, आणि मग बाकीच्यांना विचारा, "यांच्यासारखं आणखी कुणाला वाटतं?" हात वर येतात. ज्याने पूर्वग्रह बाजूला ठेवता येणार नाही असं स्वतः सांगितलं, त्याला सकारण वगळायची मागणी करता येते, आणि त्याला संख्येची मर्यादा नाही. विनाकारण वगळायचे हक्क मात्र मोजके: दोन पक्षांच्या दिवाणी खटल्यात प्रत्येकी 6, फेडरल कोर्टात 3. वंशावरून कुणाला वगळता येत नाही. 1986 च्या ‘बॅटसन’ निकालाने फौजदारी खटल्यांत आणि 1991 च्या ‘एडमन्सन’ने दिवाणी खटल्यांतही ते बंद केलं. ‘आपला देसी माणूस ज्यूरीत हवा’ हा हिशोबही डोक्यातून काढा. आपल्या माणसांइतकी कडक पारख दुसरं कुणी करत नाही.

संभाव्य ज्युररची सोशल मीडियावरची उघडी माहिती बघता येते, पण फ्रेंड रिक्वेस्ट किंवा मेसेज पाठवणं म्हणजे थेट शिस्तभंग. आणि एक लक्षात असू द्या: या लोकांना दुसऱ्या दिवसापासून रोज 15 डॉलर मिळतात, पगार देणं मालकावर बंधनकारक नाही. तुम्ही दहा मिनिटं उशिरा आलात, तर ती दहा मिनिटं त्यांच्या खिशातून जातात.

उभं राहून बोलताना

उच्चाराची काळजी सोडा. कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीत पाच-सहा प्रकारचं इंग्रजी बोलणारे असतातच. अडचण होते ती आपल्या वेगाची, आणि भारतीय कोर्टातून आणलेल्या शब्दांची. ‘माय लर्नेड फ्रेंड’, ‘विथ ग्रेटेस्ट रिस्पेक्ट’, ‘आय पुट इट टू यू’ हे विमानतळावरच सोडून या. दुसरी सवय अधिक चिवट: आपल्याकडे न्यायाधीश मध्येच प्रश्न विचारतात आणि युक्तिवाद त्यातून घडतो. ज्यूरी गप्प बसते. त्या शांततेला घाबरून तेच तेच पुन्हा सांगू नका. इथे ज्युररना साक्षीदारांसाठी लेखी प्रश्न देता येतात. न्यायाधीश ती मुभा देत असतील, तर प्रत्येक चिठ्ठी नीट वाचा. त्यांच्या डोक्यात काय चाललंय हे कळायची तेवढीच खिडकी आहे.

प्रारंभीच्या निवेदनात युक्तिवाद चालत नाही, पुराव्यात काय येईल तेवढंच सांगायचं. सुरुवात कुसुमताईंपासून करू नका. दुकानापासून करा: "12 वाजून 10 मिनिटांनी एक कामगार या गल्लीतून झाडू घेऊन गेला. त्यानंतर एक तास पंधरा मिनिटं कुणी आलं नाही." कुणाच्या वागण्यावर आधी नजर जाईल, ते गोष्ट कुठून सुरू होते त्यावर ठरतं. जे सिद्ध करू शकणार नाही त्याचं वचन देऊ नका; समोरचा वकील ते लिहून ठेवतो.

उलटतपासणीत एका प्रश्नात एकच तथ्य, आणि प्रत्येक प्रश्न ‘हो’वर संपणारा. आर. एम. साक्षीला आला की:

"एक वाजताच्या रकान्यातली आद्याक्षरं तुमची?"
"हो."
"म्हणजे एक वाजता तुम्ही ती गल्ली झाडलीत?"
"हो."
"झाडल्यावर लगेच नोंद करता?"
"हो."
"त्या दिवशी 12:45 ला जेवणासाठी पंच आउट केलंत?"
"...हो."
"परतलात 1:15 ला?"
"हो."

बसा. "मग तुम्ही खोटं लिहिलंत ना?" हा प्रश्न जिभेवर येईल, तो गिळा. तो विचारलात की आर. एम. सांगेल, मॅनेजर दिवसाच्या शेवटी सगळ्यांच्या वतीने भरून टाकतो, आणि ज्यूरीला तासाला मजुरी घेणाऱ्या पोराची दया येईल, राग तुमचा. त्याच्याशी सौजन्यानेच वागा. तुमचं भांडण नोंदी अशा भरवून घेणाऱ्या व्यवस्थेशी आहे, आणि ते मॅनेजरच्या साक्षीत करायचं.

कॉरिडॉर, लिफ्ट आणि पार्किंगमध्येही ज्युरर असतात. त्यांच्याशी बोलता येत नाही, मान हलवून बाजूला व्हायचं. घरच्यांना आधीच बजावा: जेवणाच्या सुट्टीत कुसुमताईंभोवती मोठमोठ्याने हशा नको, मराठीतून सुद्धा.

शेवटचा युक्तिवाद

आता भिंतीवरचा तो कागद पडद्यावर आणा आणि प्रश्नाप्रश्नाने चला. दिवाणी खटल्यात ‘संशयातीत’ सिद्ध करायचं नसतं, खरं असण्याची शक्यता खोटं असण्यापेक्षा जास्त असली की पुरे. हे सावकाश समजावा, कारण टीव्ही मालिका बघून बऱ्याच जणांना फौजदारी मापच माहीत असतं. बारापैकी 9 जण पुरतात, आणि प्रत्येक प्रश्नाला तेच 9 असावे लागत नाहीत. एखाद्या प्रश्नावर अल्पमतात पडलेल्या ज्युररनेही पुढच्या प्रश्नावर मत द्यायचं असतं, हेही सांगा.

वैद्यकीय खर्चात हॉस्पिटलच्या बिलाचा आकडा उड्या मारून सांगू नका. 2011 च्या ‘हॉवेल’ निकालानंतर विम्याने प्रत्यक्ष भरून मिटवलेल्या रकमेपेक्षा जास्त मागता येत नाही. वेदनेसाठी कायद्यात ठरलेलं माप नाही, पण रोजचा हिशोब मांडून रक्कम सुचवायला कॅलिफोर्निया परवानगी देतं. ‘तुम्ही यांच्या जागी असता तर किती घेतले असते?’ हे मात्र विचारता येत नाही. त्यावर हरकत येईल आणि ती मान्य होईल. रक्कम सांगताना आवाज खाली जाऊ देऊ नका. तुम्हालाच तो आकडा संकोचाचा वाटला, तर त्यांना तो का पटावा?

लांबी आवरा. 1908 साली मुंबईत लोकमान्य टिळक स्वतःच्या बचावासाठी ज्यूरीपुढे एकवीस तासांहून अधिक बोलले. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते, आणि निकाल 7 विरुद्ध 2 ने विरुद्धच गेला. त्या ज्यूरीपुढे थोडक्यात बोलूनही काही साधलं नसतं, हे खरंच. पण तुमची ज्यूरी अजून ठरलेली नाही, आणि तिला चाळीस मिनिटं पुरतात. त्यातली निम्मी अशा ज्युररसाठी ठेवा, जो आधीच तुमच्या बाजूला आहे. आत गेल्यावर बाकीच्यांशी वाद त्याला घालायचाय, त्याच्या हातात कागदांचे क्रमांक द्या: नोंदीचा कोणता, पंचिंगचा कोणता, चित्रीकरण कोणत्या मिनिटाला.

निकाल लागला, ज्यूरी मोकळी झाली, की ज्यांना बोलायची इच्छा असेल त्यांच्याशी वकिलाला बोलता येतं. नाही म्हणाले तर विषय तिथेच सोडायचा. बोलले, तर निकालाचं समर्थन मागू नका आणि आपलंही देऊ नका. दोनच गोष्टी विचारा: आत सर्वात जास्त वेळ कशावर गेला, आणि कोणता प्रश्न आम्ही दोघांनीही विचारला नाही. उत्तर त्याच दिवशी तारखेसकट वहीत लिहा.